आमच्या पुनर्विकासाचा पीएमसी: पाचपैकी चार

मुलुंड पूर्वेला आमची तीस घरांची सोसायटी. इमारत १९७८ ची आहे, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. 'आहे' म्हणायची सवय अजून जात नाही, कारण खरं तर ती पाडून झाली. जागेवर आता नव्या इमारतीच्या पाचव्या स्लॅबचं सेंट्रिंग चाललंय आणि आम्ही सगळे ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत भाड्याच्या घरांत पांगलोय. मी सोसायटीची खजिनदार, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. या कामासाठी आम्ही जो पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, नेमला त्याच्या सेवेबद्दल लिहिते आहे. फर्मचं नाव टाकत नाही. काम अजून चालू आहे, आणि मला तक्रारीही मोकळेपणाने लिहायच्या आहेत.

ज्यांच्या इमारतीत हा विषय अजून निघालेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ खाली सरकारने पुनर्विकासाची पद्धत ठरवून दिली आहे. पहिले निर्देश जानेवारी २००९ चे, सुधारित शासन निर्णय ४ जुलै २०१९ चा. त्यानुसार सोसायटीने आधी आपला पीएमसी नेमायचा. तो जागेचा अभ्यास करून फीजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे तिथे काय आणि किती बांधणं शक्य आहे याचा अहवाल, देतो, निविदा काढतो, आलेल्या बिल्डरांची तुलना मांडतो. मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा अधिकारी समोर बसवून, व्हिडिओ शूटिंग करून, विशेष सर्वसाधारण सभेत बिल्डर निवडायचा. दोनतृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती हवी. आमच्या हिशेबाने वीस माणसं खुर्चीत आणि सोळा सह्या कागदावर. पुढे नकाशे मंजूर होतात, करारनामे होतात, बांधकाम होतं, आणि या सगळ्यावर सोसायटीच्या बाजूने नजर ठेवायची ती पीएमसीने.

कागदावर हे काम आर्किटेक्ट आणि इंजिनियरचं आहे. प्रत्यक्षात ते तीस कुटुंबं, एक बिल्डर, एक वकील आणि महापालिकेचं टी विभाग (म्हणजे मुलुंडचं) कार्यालय यांना एकाच दिशेने चालायला लावायचं काम आहे, आणि आम्ही मोजलेल्या फीपैकी निम्म्याहून जास्त पैसे मी या दुसऱ्या कामाचे समजते. रिपोर्ट कोणीही करून देतं. आमच्यासमोर मुलाखतीला आलेल्या सगळ्याच फर्मचे रिपोर्ट चांगले होते.

मुलाखतींचं सांगते. बहुतेक जण लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन आले. भिंतीवर चकचकीत टॉवर, पोहणारी मुलं, गच्चीवर योगासनं करणाऱ्या बायका. आमच्या प्लॉटवर तरण तलाव कुठे बसणार हे विचारल्यावर एका फर्मचा मुलगा म्हणाला, "सर येतील तेव्हा सांगतील." सर काही आले नाहीत. मग ज्यांना आम्ही शेवटी नेमलं ते हे गृहस्थ आले, चाळिशीच्या पुढचे, हातात एक वही. त्यांनी स्वतःची ओळख दोन वाक्यांत करून दिली आणि विचारलं, "तुमच्याकडे विरोधात कोण आहे?" सेक्रेटरी तत्परतेने म्हणाले, "आमच्याकडे कोणी विरोधात नाही, सगळे एकमताचे." त्यावर ते हसून म्हणाले, "साहेब, तीस घरांत कोणी विरोधात नाही याचा अर्थ अजून कोणी बोललेलं नाही."

मला हा माणूस तिथेच पटला. कमिटीतल्या दोघांना तो आगाऊ वाटला, हेही नोंदवून ठेवते.

त्यांची पहिली अट अशी होती की सभेआधी त्यांना सगळ्या घरी एकदा जाऊ द्यावं, आणि सोबत कमिटीचं कोणी नको. आम्हाला जरा राग आला. पण मुद्दा बिनतोड होता: कमिटीसमोर माणूस कमिटीला आवडेल ते बोलतो.

तळमजल्यावरच्या आजींच्या घरी मात्र मी होते, कारण आजींनीच मला बोलावून घेतलं होतं. आजी ऐंशीच्या घरात, एकट्या, मागच्या दाराला छोटा ओटा आणि ओट्यालगत पारिजातक. पुनर्विकासाचं नाव काढलं की त्या दार लावून घ्यायच्या. या गृहस्थांनी आत आल्यावर चपला काढल्या, पंख्याखालची खुर्ची सोडून आजींच्या समोरच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ इमारतीबद्दल चकार शब्द काढला नाही. ऊन किती वाजेपर्यंत येतं, भांडी कुठे घासता, पाणी किती वाजता येतं, रात्री उठावं लागलं तर दिवा कुठला लावता. आजी उत्तरं देत गेल्या आणि देता देता त्यांच्या तोंडून खरी गोष्ट निघाली. "मला वर टांगू नका रे. लाईट गेली की लिफ्ट बंद. मी वर अडकले तर माझ्याकडे बघणार कोण?"

आम्ही कमिटीवाले दोन वर्षं समजत होतो की आजींना ओटा हवाय. त्यांना ओटा हवाच होता, पण भीती लिफ्टची होती, आणि ती आम्हाला ठाऊक नव्हती.

या गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं आणि तिथल्या तिथे गोड आश्वासन दिलं नाही, हे विशेष. सभेत मात्र वही उघडून सगळ्यांसमोर सांगितलं: तळमजल्यावर कोणालाही घर मिळणार नाही, खाली पार्किंग येणार, पारिजातक वाचवता येईल असं मला वाटत नाही, लिफ्टला जनरेटरचा बॅकअप निविदेच्या अटींत घालतोय, आणि वयस्कर सभासदांना खालचे मजले निवडायचा पहिला हक्क द्यावा असं माझं मत आहे, ते तुम्ही ठरवा. दोन गोष्टींना 'नाही', एक 'होईल', एक 'तुम्ही ठरवा'. आजींनी सही केली. त्यांच्याकडे बोट दाखवून गप्प बसलेल्या आणखी काही घरांनाही मग कारण उरलं नाही.

दुसरा प्रसंग कार्पेटचा, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळाचा. पुनर्विकासात भांडण होतं ते इथेच. दोन गल्ल्या सोडून एका सोसायटीला जास्त टक्के वाढीव कार्पेट मिळाल्याची बातमी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली आणि ग्रुपला ताप चढला. सभेत एक काका उभे राहिले आणि थेट म्हणाले, "तुम्ही बिल्डरचे दलाल आहात." आमच्या सेक्रेटरींचा चेहरा पडला. हे गृहस्थ म्हणाले, "काका, प्रश्न बरोबर आहे. आधी पैशाचं बोलू, मग टक्क्यांचं."

पैशाचं असं आहे की पीएमसीची फी सुरुवातीला सोसायटी भरते, पण बिल्डर आला की तो खर्च बहुतेक ठिकाणी त्याच्या माथी जातो. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच खिशातून पगार. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि उपायही सुचवला: बिल्डरने पैसे सोसायटीच्या खात्यात भरायचे, पीएमसीचं बिल सोसायटीने तपासून आपल्या सहीने काढायचं, काम पसंत नसेल तर अडवायचं. जन्मभर चेकवर सह्या करण्यात गेलेल्या बाईला हे आवडणारच. आजही त्यांचं प्रत्येक बिल माझ्या टेबलावरून जातं.

मग टक्क्यांचं. त्यांनी फळा मागवला. खरोखरचा, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंचा. त्यावर ४२० लिहिलं, कारण आमच्या बहुतेक घरांचं कार्पेट तेवढे चौरस फूट होतं. "मुंबईत फंजिबल, म्हणजे मूळ क्षेत्रावर मिळणारं जादा क्षेत्र, ३५ टक्के. जुन्या सभासदांच्या घरांपुरतं त्याला पालिकेचा प्रीमियम लागत नाही. मोटामोटी ४२० चे ५६७. इथपर्यंत तुम्हाला कोणाचे उपकार नकोत. ५६७ च्या वर जे मागायचं ते बिल्डरच्या विक्रीच्या क्षेत्रातून येणार, आणि ते क्षेत्र किती हे समोरचा रस्ता ठरवतो." दोन गल्ल्या सोडून असलेली ती सोसायटी रुंद रस्त्यावर आहे. रस्ता रुंद, तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, जास्त चढवता येतो. आमचा रस्ता अरुंद. ते म्हणाले, "त्यांच्याइतकं देतो म्हणणारा बिल्डर तुम्हाला मिळेल. लगेच मिळेल. तो काम पुरं करील का, हे मात्र मी लिहून देणार नाही."

एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण), टीडीआर हे शब्द आम्ही आधीच्या सादरीकरणांतही ऐकले होते. कळले त्या दिवशी, ४२० आणि ५६७ या दोन आकड्यांत. काकांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही, पण ते बसले, आणि पुढच्या सभेला स्वतः हिशेब करून आले. आता साइटवर सगळ्यात जास्त चकरा त्यांच्याच असतात.

माझी मुलगी ऐरोलीला एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तिने पीएमपी नावाची प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा दिलेली आहे, ती घेणारी पीएमआय ही संस्था अमेरिकेतली. मी तिला हा फळ्याचा किस्सा सांगितला तर तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, २०२१ साली त्या परीक्षेचा आराखडा बदलला तेव्हा ४२ टक्के प्रश्न नुसते 'माणसं' या भागावर ठेवले होते: वाद कसा मिटवायचा, टीमला कसं बांधून ठेवायचं, ज्यांचं हित गुंतलंय त्यांना कसं सोबत घ्यायचं. आधी ज्याला सॉफ्ट स्किल म्हणत त्याला आता तिथे 'पॉवर स्किल' म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. आमच्या गृहस्थांनी ती परीक्षा दिलेली नाही, मी विचारलं होतं. त्यांनी वीस-बावीस वर्षं सोसायट्यांच्या सभा सोसल्यात.

बिल्डरबरोबरच्या वाटाघाटीत मला वाटलं होतं की हे आवाज चढवतील. उलट ते फार कमी बोलले. भाडं आणि सामान हलवण्याचा खर्च यावर गाडी अडली होती. बिल्डरचा माणूस सारखा "इससे ज़्यादा नहीं होगा" म्हणत होता. आम्ही कमिटीवाले चुळबुळ करत होतो, आमच्यातला एक जण तर 'ठीक आहे' म्हणायच्या बेतात होता. हे शांत बसून राहिले आणि मग विचारलं, "आकडा अडतोय की तारीख?" अडत होती तारीख. बिल्डरच्या आधीच्या कुठल्याशा कामात तीन-चार घरांनी जागा वेळेवर सोडली नव्हती आणि कर्जाचं व्याज चढत राहिलं होतं. त्याने ती भीती भाड्याच्या आकड्यात दडवली होती. मग सौदा असा झाला की सगळ्या सभासदांनी ठराविक मुदतीत घर रिकामं करण्याची लेखी हमी द्यायची आणि त्याने भाडं वाढवायचं, शिवाय दुसऱ्या वर्षी आणखी दहा टक्के. आमचं काही गेलं नाही. घरं आम्ही सोडणारच होतो.

वाईट बातमी कशी द्यावी हेही या माणसाकडून शिकण्यासारखं. दुसऱ्या वर्षाच्या भाड्याचे चेक बिल्डरकडून वेळेवर आले नाहीत. एक तारीख उजाडायच्या आधीच, बुधवारी सकाळी, यांचा मला फोन. "मॅडम, एक तारखेला भाडं जमा होणार नाही. बिल्डर सात तारीख म्हणतोय. मी लेखी मागितलंय, उद्या बारापर्यंत आलं नाही तर करारातल्या कलमाप्रमाणे नोटीस काढू, मसुदा तुम्हाला पाठवलाय. आज संध्याकाळपर्यंत सभासदांना तुम्हीच फोन करा. ग्रुपवर वाचायला लावू नका." आम्ही चौघांनी फोन वाटून घेतले. लोक चिडले, पण बिल्डरवर चिडले, आमच्यावर नाही, आणि ज्यांचे हप्ते होते त्यांनी सोय केली. भाडं पाच तारखेला आलं. शेजारच्या गल्लीत असाच उशीर झाला तेव्हा तिथल्या पीएमसीने 'येईल, येईल' म्हणत महिना काढला आणि सभासदांना खरं कळलं ते घरमालकाचा फोन आल्यावर. तिथे आता दोन गट आहेत आणि उपनिबंधकांकडे तक्रारींची जाडजूड फाइल. तांत्रिक बाजूने तो पीएमसी आमच्यापेक्षा सरस आहे, असं मला दोन वेगवेगळ्या इंजिनियरांनी सांगितलंय.

आता कमी काय, ते.

पहिली आणि मोठी तक्रार: हे सगळं एका माणसात आहे, फर्ममध्ये नाही. बांधकाम सुरू झाल्यावर साइटसाठी त्यांनी एक तरुण इंजिनियर दिला. मुलगा हुशार, सळयांचं अंतर टेप लावून मोजतो, काँक्रीटच्या क्यूबचे, म्हणजे मजबुती तपासायच्या ठोकळ्यांचे, रिपोर्ट तारखेनिशी ठेवतो. पण तोंड उघडलं की पंचाईत. आमच्यातल्या एका सभासदाने वॉटरप्रूफिंगबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, "ते टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळणार." विचारणारे गृहस्थ सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जो काय तिथे त्याचा क्लास घेतला! मुद्दा तो नाही; ते क्लार्क म्हणून निवृत्त झाले असते तरी घर त्यांचंच आहे. साहेब स्वतः येऊन ते निस्तरून गेले, पण मुलगा अजून तसाच बोलतो. जे कौशल्य साहेबांच्या अंगात मुरलंय ते हाताखालच्यांना शिकवायला त्यांना सवड नाही किंवा इच्छा नाही. फर्म म्हणून हे अपयशच.

दुसरी: कागदपत्रं इंग्रजीत. सरकारचा शासन निर्णय मराठीत, आमच्या सभा मराठीत, भांडणं तर शुद्ध मराठीत, आणि सभेचं इतिवृत्त मात्र 'हिअरबाय रिझॉल्व्ड'. मी सारखा लकडा लावल्यावर मराठी प्रत मिळायला लागली, तीही इंग्रजीच्या आठवडाभर मागून. जो माणूस फळ्यावर इतकं सोपं करून सांगतो त्याच्या ऑफिसने हे करावं, याचं आश्चर्य वाटतं.

तिसरी तक्रार सगळ्यांना पटणार नाही. ते फार ऐकून घेतात. पार्किंगच्या सभेत ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यालाही बोलू दिलं, आणि रात्री साडेअकराला चहाचा तिसरा राउंड झाला तरी मेकॅनिकल पार्किंग (यंत्राने गाड्या एकावर एक ठेवायचं) की पोडियम (इमारतीखालचे पार्किंगचे मजले) हे ठरलं नव्हतं. ऐकणं चांगलं, पण कुठेतरी 'आता मत घेऊ' म्हणायला हवं. सभा अध्यक्षांची असते, त्यांनी थांबवायला हवी होती हे खरं. तरी अशा वेळी अध्यक्षांच्या कानात सांगणं हे पीएमसीचंच काम.

रात्री आठनंतर ते फोन उचलत नाहीत. बऱ्याच जणांना हे खटकतं. मला नाही खटकत. सकाळी नवाच्या आत उलट फोन येतो, आणि रात्री दहाला टाइल्सचा रंग ठरवायची गरज कोणालाच नसते.

नेमणूक करणार असाल तर माझ्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी घ्या. फीची टक्केवारी घासाघीस करून अर्ध्या टक्क्याने खाली आणण्यात जेवढा जीव आपण काढतो, त्यातला थोडा तरी मुलाखतीत घालवा. त्यांना त्यांच्या अडलेल्या कामाबद्दल विचारा. प्रत्येकाकडे एक तरी असतं. तो कोणावर खापर फोडतो ते ऐका. त्यांच्या जुन्या सोसायटीत फोन करायचा असेल तर सेक्रेटरीला करू नका, ज्याने विरोध केला होता त्या सभासदाचा नंबर मिळवा. आम्ही तसा फोन केला होता. पलीकडचा माणूस पुनर्विकासावर अजून नाराज होता, पण म्हणाला, "तो माणूस मात्र सरळ आहे, मला तीनदा भेटायला आला." आणि सगळ्यात महत्त्वाचं, नेमणूकपत्रात फर्मच्या नावाखाली माणसाचं नाव घाला: सर्वसाधारण सभेला आणि बिल्डरबरोबरच्या बैठकीला अमुकच व्यक्ती हजर राहील, बदली द्यायची तर कमिटीच्या लेखी संमतीने. आमच्या पत्रात हे कलम फक्त सभांपुरतं आहे, साइटसाठी नाही, म्हणून तो मुलगा आमच्या वाट्याला आला.

तारे द्यायचे तर असे. रिपोर्ट, निविदा, नकाशांची तपासणी: तीन, इतरांसारखंच. सभासदांशी वागणं, बिल्डरशी बोलणं, वाईट बातमी वेळेवर देणं: पाच. हाताखालची टीम: दोन. गोळाबेरीज कशीही करा, मी चार देते, कारण भाडं अडलं त्या आठवड्यात आमची सोसायटी फुटली नाही आणि तेव्हा माझ्या हिशेबी बाकी कशालाच किंमत नव्हती.

पार्किंगच्या जागांची सोडत अजून व्हायची आहे, आणि ती सभा हेच घेणार आहेत. भोगवटा प्रमाणपत्र हातात आलं, पहिला पावसाळा नव्या भिंतींवर गेला की गळती आणि फिनिशिंगबद्दल वेगळं लिहीन. तोवर कोणाला आमच्या नेमणूकपत्राचा मसुदा हवा असेल तर नावं खोडून द्यायला माझी हरकत नाही.